अकराव्या पानावरची खूण

विश्राम गेल्याची बातमी आली तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो, एक गाल झालेला, दुसऱ्याला फेस, आणि त्या बातमीला मी अंगठा दाखवला. फोनवरचा तो पिवळा, फुगीर अंगठा. माझी बाजू सांगायची तर विश्रामच्या फोनवरून रोज सकाळी काहीतरी यायचंच. कुणाच्या तरी सिद्धतेची काढलेली सालं, एखाद्या प्राध्यापकाच्या बुद्धीची मोजदाद, वीस-वीस ओळींचा मजकूर. मी गेली कित्येक वर्षं ते न वाचता अंगठा दाखवत आलो होतो. त्या दिवशी फोन प्रतिभावहिनींच्या हातात होता आणि ओळी तीनच होत्या. हे आज पहाटे गेले. दुपारी नेतील. लवकर या. मी अंगठा दाखवला, दुसरा गाल करून घेतला, न्हाव्याशी पालिकेच्या गटारावर बोललो, पदेराच्या भट्टीवरून चार उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले, घरी येऊन चहात बुडवून दोन खाल्ले. मग चष्मा सापडला… आणि मग मी फोन वाचला.

पेडण्याला पोचलो तेव्हा एका कानामागे साबण वाळून पांढरा झाला होता. वहिनी दारातच सोप्यावर बसल्या होत्या. आसपास बायका होत्या. मला बघून म्हणाल्या, "या भावजी. तुमचा अंगठा पोचला." मी काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "राहू दे. हे असते तर हसले असते. म्हणाले असते, तीन ओळीय वाचूक जमूक नाय ह्याका." आणि तोंडावर पदर घेतला. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे मला कळलं नाही. विचारायची माझी लायकीही नव्हती.

हा किस्सा मी पुढे तीनचार जणांना रंगवून सांगितला, तसाच तुम्हालाही सांगतोय. आयुष्यभर मी तेच केलं, स्वतःची फजिती आपणच आधी सांगून टाकली, म्हणजे दुसऱ्याला सांगायला काही उरत नाही. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. विश्रामच्या आयुष्यातलं एकच मोठं काम ज्या ओळीवर कोसळलं, ती ओळ अकराव्या पानावर आहे, आणि तिच्यासमोर पेन्सिलीने 'बरोबर'ची खूण केलेली आहे. ती खूण माझी. ते काम कोसळल्यापासून तो जाईपर्यंत दहाएक वर्षं मी एकाच गोष्टीची वाट बघत होतो : तो मला कधी बोलतो.

त्याचं काम काय होतं हे पेडण्यात फारसं कुणाला माहीत नव्हतं. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत 'संगणक दुरुस्तीतील तज्ज्ञ' असं छापून आलं. शोकसभेत एका वक्त्याने त्यांच्यामुळे आमच्या वाड्यावर इंटरनेट आलं, असं गहिवरून सांगितलं. मग मी उठलो आणि खरं काय ते समजावून सांगू लागलो, आणि पंधराव्या मिनिटाला अध्यक्षांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. इथे कुणी पेला सरकवणारं नाही, म्हणून पुन्हा सांगतो. समजा हजारो यंत्रं एकमेकांना जोडलेली आहेत. त्यांच्यावर कुणी मुकादम नाही. प्रत्येकाला फक्त आपले शेजारी दिसतात, तेही निरोपांतून. आता ह्यांतली काही यंत्रं कामावर जागी ठेवायची आणि बाकीची निजवायची. अट एकच, जे निजलं आहे त्याचा निदान एक शेजारी जागा हवा. कमीत कमी किती यंत्रांत हे भागेल? ह्याचं नेमकं उत्तर काढायला बसलात तर पृथ्वी थंड होईल. म्हणून ह्या विषयातली माणसं नेमक्याचा नाद सोडतात आणि अदमासे उत्तर काढतात. पण हा अदमास बाजारातला नव्हे. त्याला हमी असते. सर्वोत्तम उत्तरात शंभर यंत्रं जागी असतील, तर आमच्या उत्तरात दोनशेच्या वर कधी जाणार नाहीत, हे सिद्ध करून द्यायचं. आणि तेही अशा जाळ्यात, जिथे निरोप उशिरा पोचतात आणि शेजाऱ्याची जी बातमी हातात येते ती शिळी असते. ही 'दुपटीच्या आत'ची हमी विश्रामला हवी होती. त्याने त्यासाठी अकरा वर्षं घातली.

दुपटीच्या आत, हा त्याचा शब्द त्याने सगळ्याला लावला. हॉटेलातला चहा दुपटीच्या आत. मापशाचा डॉक्टर दुपटीच्या बाहेर. लग्नाच्या पंगतीत, नवरी पानावर शेजारी बसलेली असताना, कुणीतरी विचारलं, काय विश्राम, कशी काय बायको? तर हा म्हणाला, "सर्वोत्तमाच्या दुपटीच्या आत आसा." प्रतिभावहिनींनी त्याचा अर्थ आठ दिवसांनी मला विचारला. मी मूर्खासारखा तो नीट समजावून सांगितला, पाटीवर आकृती काढून. त्यानंतर महिनाभर त्या दोघांत काय झालं हे मला माहीत नाही, पण विश्रामने मला महिनाभर तोंड दाखवू नकोस म्हणून कळवलं होतं.

आमची ओळख कॉलेजातली. तो पेडण्याचा, मी डिचोलीजवळच्या सर्वणचा, दोघेही गणिताला. तो का, हे सगळ्यांना कळायचं, मी का, हे मलाही नाही. वर्गात मी हात वर करून शंका विचारायचो, आणि त्या इतक्या बाळबोध असायच्या की सरसुद्धा क्षणभर फळ्याकडे संशयाने बघायचे. विश्रामने माझं नाव ठेवलं संकासूर. पेडण्याकडे दशावतारात संकासूर येतो, काळा, लांब लाल जिभेचा, सगळ्यांना छळतो आणि शेवटी मार खातो. माझ्या शंकांची त्याने एक वहीच घातली होती. घरी परतताना बसमध्ये तो ती मोठ्याने वाचायचा. "आजची शंका ऐका. शून्य सम की विषम, आणि कोणी ठरवला?" कंडक्टर तिकिटं फाडायची थांबवून हसायचा. मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो. माझी पद्धत मी वर सांगितलीच आहे.

त्याच्या सगळ्या कामाचं मूळ मात्र माझ्या एका गाढवपणात आहे, आणि हे त्याने स्वतः कबूल केलेलं आहे. आम्ही तेविशीचे असू. आमच्या गावच्या देवळात भजनी सप्ताह होता आणि तो पाहुणा म्हणून आला होता. सप्ताहाची रीत अशी की समई विझता कामा नये आणि भजन तुटता कामा नये, सात दिवस. घरांना पाळ्या वाटून दिलेल्या असतात. आमच्या घराकडे दुपारची, जेवणानंतरची पाळी आली. सगळ्यांत वाईट पाळी ती. पोटात खतखत्याची भाजी, बाहेर ऊन, आणि देवळातली फरशी गार. आम्ही तिघे होतो : मी, माझा चुलतभाऊ शाणू, आणि आमचे आबा, म्हणजे वडलांचे काका. विश्राम खांबाला टेकून घोरत होता, पण तो पाहुणा, तो हिशेबात नाही. मागच्या ओट्यावर चहाचे पेले, म्हणजे आमचे कोप, आल्याचं मला दिसलं. मी बघितलं, शाणू झांज वाजवतोय, म्हणून उठलो. शाणूने बघितलं, आबा डोळे मिटून आळवतायत, म्हणून तो विडी ओढायला दुसऱ्या दाराने उतरला. आबांनी डोळे मिटण्याआधी मला बसलेलं बघितलं होतं. त्या भरवशावर ते धरलेलं पद पुरं करून लघवीला गेले. एक कोप चहा पिऊन होईल एवढा वेळ, सर्वणच्या देवळात समईच्या ज्योतीखेरीज काही हलत नव्हतं.

भजन तुटल्याचं पहिलं कुणाला कळलं? खालच्या वाड्यावरच्या बायकांना. कामात असताना तो आवाज कानावर असतो, तो गेला की हात थांबतात. मी तोंडात चहा घेऊन वळलो तर अर्धा गाव पायऱ्या चढत होता. संध्याकाळी देवापुढे गाऱ्हाणं घातलं. "देवा म्हाराजा, ह्या गुरुदासाच्या हातून जी काय चूक झाली ती पदरात घे…" आणि सगळा गाव एका दमात, "व्हय म्हाराजा!" शाणूचं नाव नाही, आबांचं तर नाहीच. चहाचा कोप माझ्या हातात सापडला होता ना! आमच्या वडलांनीसुद्धा व्हय म्हाराजा म्हटलं, आणि सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत.

विश्राम पायरीवर बसून पोट धरून हसत होता. मग एकदम थांबला. विटेचा तुकडा घेऊन त्याने पायरीवर तीन गोल काढले, एकाकडून दुसऱ्याकडे बाण. "तू शाणूक बघलंस. शाणून आबाक बघलो. आबान तुका बघलो. संकासुरा, तिघेय बरोबर. आणि देवळात कोण नाय!" मी म्हटलं, "मग चूक कुणाची?" तो म्हणाला, "तोच तर मरे प्रश्न." त्या वेळी मला वाटलं, चेष्टा चालली आहे. पुढे तो दूरच्या शहरात संशोधनाला गेला, तिथेच शिकवायला लागला. त्याच्या पहिल्या लेखाच्या आरंभी एक ओळ होती, हा प्रश्न सुचवल्याबद्दल सर्वणच्या देवळाचे आभार. लोकांना ती गंमत वाटली असेल. मला ती गाऱ्हाण्यासारखी वाटली, पुन्हा एकदा, आणि ह्या वेळी इंग्रजीतून.

मी डिचोलीला उच्च माध्यमिक शाळेत मास्तर झालो. आधी गणित, मग संगणक आले तेव्हा संगणक, म्हणजे मुलं शिकायची आणि मी हजेरी घ्यायचो. विश्राम मला त्याच्या सिद्धता पाठवायचा. छापील कागद, कुरियरने, आणि फर्मान असं की पेन्सिलने दर ओळीसमोर खूण करायची. पटलं तर बरोबर, नाही तर प्रश्नचिन्ह. मी विचारलं, तुझ्याकडे तिथे एवढे विद्वान, मी कशाला? "विद्वान पटकन मान डोलवतत. तुझी मान जड. जो मुद्दो तुझ्या टकल्यात शिरता, तो भिंतीतय शिरतलो." हा त्याच्या तोंडचा मोठ्यात मोठा गौरव, आणि मला तो तेव्हाही गौरवच वाटला होता. पण खरं सांगतो, पहिली काही वर्षं मी वाचतच नव्हतो. जेवून सोप्यावर बसायचं, पेन्सिल घ्यायची आणि वरपासून खालपर्यंत खुणा करत सुटायचं, पेपर तपासायची सवय होतीच. एकदा पानाच्या आकड्यासमोरही खूण केली.

मग त्याने सापळा लावला. एका सिद्धतेच्या मधोमध, गणिती इंग्रजीत, त्याने लिहिलं होतं की सोलं अर्धा तास पाण्यात भिजवावीत, नारळाचा रस घालावा, मीठ चवीपुरतं, म्हणून वरील असमता सिद्ध होते. मी समोर खूण केली. ठळक, समाधानाची. हे त्याने मला फोनवर सांगितलं नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला आला, व्याही मंडळी बसली होती, आणि खिशातून तो कागद काढून त्याने वाचून दाखवला. जावयाचे वडील हसता हसता खुर्चीवरून घसरले. मुलगी उठून आत गेली. विश्राम तिच्यामागे जाऊन म्हणाला, "बाय, रडा नको. तुझ्या बापाशीची परीक्षा होती, तुझी नाय." वहिनींनी त्या दिवशी त्याला परतीच्या वाटेवर एक शब्दही बोलू दिला नाही, असं ऐकलं.

त्यानंतर मी वाचू लागलो. शब्द न् शब्द, भीतीने. आणि तेव्हाच ते मोठं काम आलं, तीस पानांचं, त्या दुपटीच्या हमीचं. दहा पानं मी आठ दिवस झिजवली. अकराव्या पानावर एक ओळ होती. त्यात तो म्हणत होता की ज्या यंत्राचा भार हलका त्याने आधी निजायचं, त्यामुळे दोन शेजाऱ्यांनी एकमेकांवर विसंबून एकदम निजणं शक्य नाही, आणि 'म्हणून' कुठलाही कोपरा उघडा पडत नाही. त्या 'म्हणून'पाशी मी अडलो. भार तर दर फेरीला बदलतो. निरोप शिळा. दोघांचं ठीक, पण तिघे असले तर? पहिला दुसऱ्याच्या शिळ्या निरोपावर निजला, दुसरा तिसऱ्याच्या, तिसरा पहिल्याच्या… मला एकदम ओट्यावरच्या चहाचा वास आला. मी प्रश्नचिन्ह केलं. पेन्सिल दाबून.

तीन दिवसांनी त्याचा फोन. आवाजात उत्साह नुसता उतू चालला होता. "काय रे संकासुरा, खंयसर पोचलंस? काय शंका-बिंका? आसली तर सांग, हय सगळ्यांक वाचून दाखवतंय. आमच्या खात्यात सगळ्यांक म्हायत हा, माझो येक वाचक सोलकढीयेक टिक मारता!" मागे कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "नाही रे, सगळं बरोबर." फोन ठेवला. मुलीच्या जुन्या कंपासात एक खोडरबर होतं, फळाच्या वासाचं. त्याने मी ते प्रश्नचिन्ह खोडलं. दाबून केलं होतं ते लवकर जाईना, बराच वेळ खोडलं. मग तिथे बरोबरची खूण केली. मनाशी म्हटलं, एवढा मोठा माणूस, त्याने बघितलं असेल. शिवाय तिकडे परीक्षक असतात, ते बघतील. मग राहिलेल्या एकोणीस पानांवर भराभर खुणा करून पुडकं पाठवून दिलं. हलकं वाटलं.

परीक्षकानेही बघितलं नाही. काम छापून आलं. त्याचं कौतुक झालं, मोठ्या ठिकाणच्या जागेची बोलणी सुरू झाली. आणि मग मोरजीला, किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात, जगभरच्या त्याच्या जातीच्या माणसांचं संमेलन भरलं. गोव्यात म्हणून हा खुश. मला पहिल्या रांगेत बसवलं, भेटेल त्याला सांगायचा, हा माझा वाचक, सोलकढीवाला. तो बोलला छान. सर्वणचं देऊळ सांगितलं, सगळे हसले. शेवटी प्रश्न. मागून एक मुलगी उठली, पंचविशीचीही नसेल, हातात वही. तिने फार अदबीने विचारलं, सर, अकराव्या पानावर, शेजारी दोन नसून तीन असले आणि निरोप शिळे असले, तर?

विश्राम हसत फळ्याकडे गेला. तीन गोल काढले. पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे… तिसऱ्या बाणाला खडू थांबला. बाहेर समुद्र ऐकू येत होता. किती वेळ ते सांगता येणार नाही. एक कोप चहा पिऊन झाला असता. मग तो वळला आणि म्हणाला, "बरोबर आहे. आभारी आहे." ती मुलगी रडकुंडीला आली, माफी मागू लागली, त्याने हाताने थांबवलं. मग त्याची नजर पहिल्या रांगेत मला शोधू लागली. मी तेव्हा खुर्चीखाली वाकून चप्पल शोधत होतो. चप्पल पायातच होती.

जेवायला इसवणाची, म्हणजे सुरमईची, कढी होती आणि लोकांनी ती दोनदोनदा घेतली. एक गृहस्थ बोटं चाटत म्हणाले, हमी गेली तरी कल्पना सुरेख होती. दुपारी पाहुण्यांना कासवांची घरटी दाखवायला नेलं. वाळूत कुंपण, आत पुरलेली अंडी. तिथला राखणदार सांगत होता, निघतात पुष्कळ, समुद्रात टिकतात ती थोडी. विश्रामने त्याला विचारलं, "थोडी म्हणजे किती? अदमासे?" तो म्हणाला, "तसा कसा सांगतलंय, सायबा." विश्राम म्हणाला, "हमी नाय मां? बरा."

त्याने ते काम स्वतः पत्र लिहून मागे घेतलं. तिघांचा पेच सोडवायला गेलं की हमी दुपटीवरून घसरायची, जाळं वाढेल तशी वाढत जायची. त्याने चार वर्षं धडपड केली. मोठी जागा गेली, मग होती तीही नकोशी झाली, आणि तो पेडण्याला परत आला, एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या पोरांना बेरजा करणारे प्रोग्राम शिकवू लागला. घरी चूक शोधायला कुणाचा बंद पडलेला संगणक आला तर तोही उघडायचा. निधनवार्तेतला तज्ज्ञ तो असा.

आणि मी वाट बघत होतो. माझी खूण त्याच्याकडे होती, एका फोनचं काम होतं. भर बाजारात, पोराबाळांसमोर, कुठेही मला झापता आलं असतं. पण त्याने काही केलं नाही. उलट मोरजीपासून त्याने मला संकासूर म्हणणं सोडलं. गुरुदास म्हणू लागला. बोली सोडून शुद्ध बोलू लागला. मी काही बावळट विचारलं तर थांबून, विचार करून उत्तर द्यायचा. सकाळचे ते लांबलचक निरोप तेव्हाच सुरू झाले, आणि शेवटी नेहमी, 'तुझं मत काय?' मला वाटायचं, हा टोमणा आहे. माझ्या आयुष्यात मला कुणी एवढी क्रूर वागणूक दिलेली नाही. मी अंगठा दाखवायचो.

शेवटचा भेटलो तो गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस. पोटात गाठ निघाली होती. इस्पितळात आठ महिने उरले म्हणाले. हा म्हणाला, हमी द्या, अदमास कसला सांगता. तीन पुरे झाले नाहीत. सोप्यावर उशा रचून त्याला बसवलं होतं, हात लाकडासारखे, डोळे मात्र तेच. वहिनींनी चहा आणि उंडो आणला. त्याने उंड्याचा कण मोडून बुडवला आणि खाल्ला नाही. वहिनी आत गेल्यावर म्हणाला, "गुरुदास, एक विचारायचं राहिलंय. अकराव्या पानावर तुला शंका आली होती. ती कशी फिटली?"

इतकी वर्षं जिची वाट बघितली ती वेळ हीच, असं मला वाटलं. आला बाण. मी जे आयुष्यभर केलं ते ह्या वेळी केलं नाही. फजिती आपणहून सांगितली नाही. म्हणालो, "शंका? छे रे. मला तिथे शंका आलीच नव्हती."

त्याने उंड्याचा कण बशीत ठेवला. मग हसला, जुना हसायचा तसा, खालचा ओठ बाजूला नेऊन. "येवकच नाय मां? बरा, संकासुरा." आणि डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो. घरी येताना अस्नोड्याला थांबून मी भजी खाल्ली.

तेराव्यानंतर वहिनींनी मला एक पुडकं दिलं. "तुमच्या खुणांचे कागद आहेत. शेवटचे आठ-दहा दिवस हेच काढून बसायचे. एकच पान." मी घरी आणलं, मेजावर ठेवलं, दोन दिवस उघडलं नाही. मग अकरावं पान काढलं. ज्या जागी मी खोडलं होतं तिथे, खुणेखालून, प्रश्नचिन्हाची खोल रेघ अजून दिसते. तिच्याभोवती त्याने निळ्या शाईने गोल केला आहे. शेजारी त्याचं बारीक अक्षर, त्या काळचं, घाईचं : 'संकासुरान शंका काढून आपणच खोडली. म्हणजे फिटली. मग हय परत बघूची गरज नाय. फुडे.'

आणि खाली, काळ्या शाईत, थरथरत्या हाताने, पुष्कळ नंतरचं : 'पण कशी फिटली? त्याका कायतरी दिसलेला आसतला. विचारूक व्हया.'

म्हणजे तो टोमणा नव्हता. दहा वर्षं तो मला मान देत होता. त्याला वाटत होतं, मोडलेलं जे त्याला जुळत नाही ते जोडणारा दुवा ह्या जड मानेच्या मास्तराला एका दुपारी सापडला होता, आणि हा आपणहून कधीतरी सांगेल. रोज सकाळी विचारत होता.

दुपारी जेवून बसलो की मी ते पान घेतो. ही सवय त्याने लावलेली, आता सुटणारी नाही. परवा मनात आलं, निदान ते प्रश्नचिन्ह तरी होतं तिथे पुन्हा करून ठेवावं. पेन्सिलला टोक केलं, उघड्या जनेलाच्या उजेडाकडे तोंड करून बसलो. तेव्हा इतकं खोडलं होतं की कागद तिथे कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला आहे, उजेडाला धरला तर पलीकडचं दिसतं. मी पेन्सिल टेकवली आणि पान फाटलं. वाटाण्याएवढं भोक. त्यातून खालचं बारावं पान दिसतं. तिथे बरोबरची खूण आहे, ठळक. ते पान मी वाचलेलंच नाही.